उपाशी किंगस्नेकपाशी एक दिवस

सकाळी ६:१५

कालचं पिल्लू तसंच पडलंय. उंदराचं दोन दिवसांचं पिल्लू, गोठवलेलं, मग वितळवून कोमट केलेलं. रात्री प्लॅस्टिकच्या उथळ झाकणावर ठेवलं होतं, तिथून केसभरही हललेलं नाही. गुलाबी रंग उतरून करडा झालाय. चिमट्याने उचलून पिशवीत टाकते आणि पिशवीचं तोंड बांधते. एकदा वितळलेलं भक्ष्य पुन्हा फ्रीजरमध्ये जात नाही.

मी मुख्यतः बघायला आलेय ती वाळू. झाकणाभोवती रात्री बारीक वाळूचा पातळ थर पसरून ठेवते. सकाळी विजेरी तिरकी धरली की रात्री काय घडलं ते त्या थरावर वाचता येतं. आज एक माग उमटलाय. लपायच्या पेटीपासून निघालेला, झाकणाच्या कडेपर्यंत आलेला, तिथे थोडा घोटाळलेला आणि मग भिंतीच्या कडेकडेने पाण्याच्या भांड्याकडे गेलेला. म्हणजे तो बाहेर आला होता. पिल्लापर्यंत पोचला, वास घेतला आणि हे आपलं खाणं नव्हे असं ठरवून पुढे गेला. गेल्या महिन्यात वाळू सकाळीही सपाटच असायची. बाहेरच न येणारा साप घाबरलेला असतो. बाहेर येऊन न खाणारा साप काहीतरी शोधत असतो. मी वहीत पिल्लापुढे फुली मारते, खाली 'माग झाकणापर्यंत' असं लिहिते आणि त्याखाली रेघ ओढते.

टेक्ससमधल्या एका प्राणिसंग्रहालयाच्या सरीसृप विभागात मी काम करते. ही विलगीकरणाची खोली. इथे खिडकी नाही, बूट दाराशी बदलायचे, हातमोजे प्रत्येक पेटीला वेगळे. चौथ्या पेटीत राहतो तो ग्रे-बँडेड किंगस्नेक, पूर्ण वाढलेला नर, लांबीला ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास. राखाडी अंगावर काळ्या किनारीचे नारिंगी पट्टे, मानेपेक्षा स्पष्ट रुंद डोकं, मोठे रुपेरी डोळे. जुलैत राज्याच्या गेम वॉर्डननी तो एका माणसाच्या गाडीतून जप्त केला. उशीच्या अभ्र्यात, इतर सापांसोबत. किंगस्नेक इतर सापांना खातात, एका अभ्र्यात दोन कोंबणं म्हणजे काय ते त्यावरून समजावं. तेव्हापासून त्याने काही खाल्लेलं नाही.

सकाळी ७:००

तापमानं. पेटीच्या एका टोकाला खालून उष्णता देणारी पट्टी आहे. तिच्यावरच्या लपायच्या पेटीत २९ अंश सेल्सिअस, थंड टोकाला २४. दोन्ही टोकांना लपायची जागा हवीच. एकच असली तर सापाला ऊब आणि आडोसा यांतून निवड करावी लागते, आणि रानातून आलेला साप नेहमी आडोसा निवडतो. मग तो थंड राहतो, आणि थंड सापाच्या पोटात अन्न पचत नाही, सडतं. त्यामुळे तो खातच नाही. पुष्कळदा ज्याला हट्ट म्हटलं जातं ते इतकं साधं असतं.

दिवे घड्याळावर लावलेत, सकाळी सहा ते रात्री आठ. बाहेर सप्टेंबरचा शेवट आहे, दिवस लहान होत चाललाय, पण इथे अजून जून आहे. वाळवंटातले हे साप ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपणहून खाणं थांबवतात आणि खडकाच्या आत खोल जाऊन हिवाळा काढतात. भरल्या अंगाने थंडीत गेलेला साप वसंतात ठणठणीत बाहेर येतो. रोडावलेल्याला थंडीत पाठवायची माझी तयारी नाही. म्हणून मी त्याच्यासाठी उन्हाळा लांबवतेय. हे किती दिवस चालेल याला मर्यादा आहे. भिंतीआड काय ऋतू आहे ते सापाला कळतंच, निदान अनुभवी लोक तसं मानतात, आणि मीही.

आज वजनाचा वार. वजन आठवड्यातून एकदाच, तेही त्याला हात न लावता. तो ज्या पेटीत लपलाय ती पेटी तळाच्या कागदासकट अलगद उचलून काट्यावर ठेवायची आणि रिकाम्या पेटीचं वजन वजा करायचं. आला तेव्हा १७१ ग्रॅम होता. आज १५३. एक दशांशाहून थोडं जास्त गेलं.

मोठा साप महिनोन् महिने उपाशी राहू शकतो, हे खरं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या बाबतीत माझे हात थरथरले असते. याच्याकडे वेळ आहे. पण पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू बसायला लागले की तो वेळ संपत आल्याची खूण असते, आणि याची पाठ अजून गोल आहे. मी ती बोटांनी चाचपून पाहत नाही, विजेरीच्या उजेडात नुसती पाहते.

सकाळी ८:३०

बाकीच्यांचं खाणं. कासवांना निवडुंगाचे काप आणि पालेभाजी, सरड्यांना नाकतोडे, अजगराला या आठवड्यात सुट्टी.

शेवटी डेझर्ट किंगस्नेक. काळी, अंगभर पिवळसर ठिपक्यांची मादी. तीही रानातलीच. एका गोदामात सापडली, जखमी होती. आली त्याच आठवड्यात तिने चिमट्यातून उंदीर ओढून घेतला. आजही झाकण उघडायच्या आत तिचं डोकं वर आलेलं असतं. तिच्या जातीला उंदीर चालतो, सरडा चालतो, पक्ष्याची अंडी चालतात, आणि रॅटलस्नेकसुद्धा चालतो, कारण त्याचं विष या सापांना सहसा बाधत नाही. किंगस्नेक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे असला खादाड साप येतो. चौथ्या पेटीतल्या नराचं कूळ तेच, पण जगण्याची रीत सगळी वेगळी. एका कुळाच्या सापांना एकच नियम लावणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं, कारण त्याची किंमत साप भरतो.

सकाळी १०:००

डॉक्टर आल्या. सूक्ष्मदर्शकाची खोली त्यांची, पण नमुना मी आणलाय. खाणं नसलं तरी साप थोडीफार विष्ठा टाकतो, आणि पांढरा युरेटचा खडा. खडा कोरडा, पिवळा पडलेला असेल तर सापाला पाणी कमी पडतंय. याचा पांढरा आणि मऊ आहे. पाणी तो पितो.

रानातल्या सापाच्या पोटात जंत असणं ही नवलाची गोष्ट नाही. रानात ते आणि तो एकमेकांना सांभाळून जगतात. पकडल्यावर, अभ्र्यात कोंबल्यावर, अनोळखी वासांत ठेवल्यावर सापाची ताकद खचते आणि तेच जंत डोईजड होतात. याच्या पहिल्या नमुन्यात गोलकृमींची अंडी होती. डॉक्टरांनी फेनबेंडाझोलची मात्रा दिली, काही आठवड्यांनी पुन्हा दिली. भूक वाढावी म्हणून अनेक जण मेट्रोनिडाझोलही देतात. डॉक्टरांनी ते टाळलं. या कुळातल्या काही सापांना ते जास्त मात्रेत बाधतं आणि याच्या विष्ठेत ते देण्यासारखं काही दिसलंही नव्हतं. औषध केवळ काहीतरी केल्याच्या समाधानासाठी द्यायचं नाही, ही त्यांची शिस्त मला फार मोलाची वाटते.

आजच्या काचपट्टीवर अंडी नाहीत. डॉक्टर दोनदा पाहतात, मला पाहायला लावतात. दुसरी बातमी प्रयोगशाळेतून आलीय: क्रिप्टोस्पोरिडियम नाही. या परजीवीची मला सगळ्यांत धास्ती होती. सापाच्या जठराचं अस्तर तो सुजवतो, खाल्लेलं दोन-तीन दिवसांत उलटून पडतं, साप झिजत जातो, आणि खात्रीचा इलाज नाही. ब्लीचनेही तो मरत नाही, अमोनिया लागतो. तो नाही म्हटल्यावर एक मोठं दार बंद झालं आणि दुसरं उघडलं.

"मग आता पाल देऊ?" मी विचारते.

"महिना झाला का गोठवून?"

"झाला."

"दे."

सकाळी ११:१५

इतकं सोपं नाही. विभागात माझ्याहून जुना एक सहकारी आहे, त्याच्या हातून कित्येक अडलेले साप खायला लागलेत. त्याचं म्हणणं ठाम आहे: एकदा सरडा-पाल दिलीस की हा उंदराकडे ढुंकून पाहणार नाही. त्याला उपाशी राहू दे, पिल्लू देत राहा, एक दिवस घेईल.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. उंदीर गोठवलेले मिळतात, स्वच्छ, हव्या त्या मापाचे, वर्षभर. पाली-सरडे कुठून तरी पकडून आणावे लागतात, आणि त्यांच्यासोबत नवे परजीवी येतात. आयुष्यभर पालींवर साप सांभाळणं कोणालाच परवडत नाही, पालींना तर नाहीच.

पण सकाळच्या वाळूतला माग मी त्याला दाखवते, फोनमध्ये फोटो काढून ठेवलाय. हा साप बाहेर येतो, शोधतो, वास घेतो आणि परततो. तो जन्मभर ज्या वासामागे गेला तो वास या पेटीत एकदाही आलेला नाही. चिवावा वाळवंटातल्या चुनखडीच्या कड्यांमध्ये हे साप राहतात, टेक्ससच्या पश्चिमेला आणि उत्तर मेक्सिकोत. दिवसभर उन्हात खडकावर बसणारे काटेरी सरडे रात्री भेगांमध्ये शिरून झोपतात. तेव्हा हा साप भेगेभेगेतून हिंडतो आणि झोपलेला सरडा उचलतो. उंदीर त्याला वर्ज्य नाही, पण भूक ज्या वासाने जागी होते तो सरड्याचा आहे. आपल्याकडच्या कवड्या सापासारखंच हे. कवड्या घराच्या भिंतींवर, छपरात पालींमागे चढतो. त्याच्यापुढे उंदराचं पिल्लू ठेवून आठवडाभर वाट पाहिली तरी ते बहुधा तसंच पडून राहील.

"आधी खाऊ दे," मी म्हणते. "काय खाल्लं ते नंतर बदलता येईल. रिकाम्या पोटाला सवय लावता येत नाही."

तो जरा वेळ गप्प राहतो. मग विचारतो, "नळी कधी?"

नळीने भरवण्याचं आमचं सगळ्यांचं ठरलंय: वजन १४५ च्या खाली गेलं तर. सापाला धरून, जबडा उघडून, पातळ अन्न थेट जठरात सोडता येतं, आणि त्याने जीव वाचतात, हे मी नाकारत नाही. पण ज्याचं न खाण्याचं मूळच भीतीत आहे त्याला मानेला धरून भरवलं की पुढच्या रात्री तो बाहेर येत नाही. मग पुन्हा नळी. जिवंत उंदीर सोडून देणं तर मला मुळीच मान्य नाही. न खाणाऱ्या सापाला उंदीरच कुरतडतो.

तो मान डोलावतो. "आज पाल. पण पिल्लू जवळ तयार ठेव."

दुपारी १२:३०

डबा. पोळी, वांग्याची भाजी, दही. इथे साडेबारा म्हणजे घरी रात्रीचे अकरा, आणि आई जागी असते.

"काय गं, खाल्लं का तुझ्या सापानं?"

आमचं गाव शिराळ्याजवळ, सांगली जिल्ह्यात. नागपंचमीच्या आधी पकडलेले नाग मडक्यांत ठेवलेले तिने पाहिलेत, मीही लहानपणी पाहिलेत. न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या. त्या नागांपुढे लोक दूध ठेवत ते मनापासून. साप दूध पचवू शकत नाही. पण तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते ओलं पितो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की त्याने नैवेद्य स्वीकारला. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे त्याला पाणी द्यायला हवं होतं." तिला ते लगेच कळलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

"आज पाल देणार आहे," मी सांगते.

"घरातली?"

"भिंतीवरची."

आणि ते खरं आहे. इथल्या इमारतींच्या भिंतींवर रात्री दिव्याखाली ज्या पाली जमतात त्या मूळच्या भूमध्य समुद्राच्या काठच्या. माणसांच्या सामानासोबत अमेरिकेत आल्या आणि टेक्ससभर पसरल्या. आपल्याकडच्या घरपालींच्याच गणातल्या, हेमिडॅक्टिलस. मूळच्या इथल्या नसल्यामुळे त्यांतल्या थोड्या काढल्याने इथल्या रानाचं काही बिघडत नाही. परवानगी घेऊन ऑगस्टमध्ये मी काही पकडल्या. डॉक्टरांनी त्यांना वेदना न होता मारलं आणि त्या महिनाभर फ्रीजरमध्ये राहिल्या, म्हणजे त्यांच्या पोटातले बहुतेक जंत मेले. आज सकाळपर्यंत त्यांना हात लावला नव्हता. सापाची स्वतःची तपासणी स्वच्छ येईपर्यंत नवी भर घालायची नाही, असं ठरलं होतं.

दुपारी १:३०

चौथ्या पेटीचं काम, तासाभराचं. यानंतर संध्याकाळपर्यंत खोलीत कोणीही जाणार नाही, म्हणून सगळं आताच.

आजवर पिल्लू उघड्या झाकणावर ठेवत होते. आज ते बदलायचं. चुनखडीच्या दोन चपट्या फरश्या आणल्यात, मध्ये बोटभर फट राहील अशा एकमेकींवर पक्क्या चिकटवलेल्या. साप खाली शिरला आणि दगड सरकला तर तो चिरडेल, म्हणून नुसत्या रचून चालत नाहीत. फटीचं तोंड लपायच्या पेटीकडे ठेवते. मोठ्या पेटीवर काळा कागद गुंडाळते, पुढची काच सोडून तिन्ही बाजूंनी. आत अंधारात पाहणारा छोटा कॅमेरा आधीपासून आहे. त्याचा अवरक्त प्रकाश सापाला दिसत नाही.

मग वास. आमच्याकडे मोठ्या काटेरी सरड्यांची जोडी आहे, या सापाच्याच मुलखातली आणि त्याच्या रानातल्या खाण्यातली. त्यांना त्रास द्यायचं कारण नाही. ते कात टाकतात, आणि त्यांच्या कातीचे तुकडे मी काचेच्या बरणीत जपून ठेवते. कोरडी कात बोटांत चुरली तरी माणसाच्या नाकाला काहीच कळत नाही. सापाचं काम नाकाने कमी आणि जिभेने जास्त चालतं. दुभंगलेली जीभ हवेतले, जमिनीवरचे कण उचलते. तोंडात गेल्यावर ते टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियापाशी पोचतात. कोणत्या टोकाला वास जास्त लागला त्यावरून कुठे वळायचं ते ठरतं. आपल्या दृष्टीने रिकामी असलेली पेटी त्याच्यासाठी वासांनी भरलेली आहे: माझ्या साबणाचा, प्लॅस्टिकचा, आधीच्या सापाचा, उंदराच्या मुताचा. मी या पेटीसाठी गंध नसलेला साबण वापरते आणि तिच्याजवळ यायच्या आधी उंदरांच्या फ्रीजरला हात लावत नाही.

सगळ्यांत जास्त काम असतं ते न करण्याचं. पहिले दोन आठवडे त्याला फक्त पाणी आणि अंधार दिला होता. काही जण रोज झाकण उघडून पाहतात, रोज नवं भक्ष्य नाकापुढे नाचवतात. रात्री झोपलेले सरडे उचलणाऱ्या सापापुढे चिमट्यात वळवळणारं काहीतरी धरलं तर त्याला ते खाणं वाटत नाही, हल्ला वाटतो. तो मागे सरतो, शेपूट थरथरवतो. मग लोक म्हणतात, साप रागीट आहे.

दुपारी ४:००

शाळेची मुलं आली आहेत. विलगीकरणातले प्राणी त्यांना दाखवत नाही, पण गेल्या वेळी मी न खाणाऱ्या सापाबद्दल बोलले होते, ते त्यांच्या बाईंच्या लक्षात आहे. एका मुलीने हात वर केला. त्याला परत का सोडत नाही?

मुलांच्या प्रश्नांपैकी हा मला सगळ्यांत आवडतो, कारण बहुतेक वेळा त्याचं उत्तर 'सोडायलाच हवं' असं असतं. साप जिथे सापडला तिथेच, शक्य तितक्या लवकर. पण याचं ठिकाण आम्हाला ठाऊक नाही. ज्याच्याकडून तो जप्त झाला त्या माणसाने सांगितलं नाही. पुन्हा तो अभ्र्यात इतर सापांच्या अंगाला लागून होता. त्यांच्याकडून काय रोग घेतला असेल ते सांगता येत नाही, आणि सापांच्या कातडीचा एक बुरशीचा रोग या देशात बऱ्याच ठिकाणी पसरलाय. अनोळखी कड्यावर त्याला सोडलं तर त्याचा घात होईल, कदाचित तिथल्या सापांचाही.

रंगावरून गाव ओळखता येत नाही का, असं दुसऱ्याने विचारलं. शहाणा प्रश्न. या सापांत दोन ठळक तऱ्हा दिसतात, एकीत नारिंगी पट्टे रुंद, दुसरीत राखाडी अंगावर बारीक काळे पट्टे. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातले आर्थर अर्विन ब्राउन यांनी १९०१ मध्ये पश्चिम टेक्ससच्या डेव्हिस डोंगरांतल्या सापावरून या जातीचं पहिलं वर्णन केलं. रुंद पट्ट्यांचा साप १९५० मध्ये वेगळी जात म्हणून नोंदला गेला. पुढे एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही तऱ्हांची पिल्लं निघाली आणि जात एकच ठरली. त्यामुळे पट्टे पाहून गाव सांगता येत नाही. फक्त पकडणाऱ्याने नोंद ठेवली तर सांगता येतं. टेक्ससमध्ये शिकारीचा परवाना आणि त्यावर सरीसृपांसाठीचा वेगळा शिक्का घेऊन, अंगात चमकणारं जाकीट घालून रस्त्याकडेला साप शोधायला २०११ पासून पुन्हा मुभा आहे. नियम पाळणारी, प्रत्येक सापाचं ठिकाण टिपून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि पुष्कळ जण नुसता फोटो काढून साप रस्त्यापलीकडे सोडतात. पाळायचाच असेल तर बंदिवासात जन्मलेली, उंदीर खाणारी पिल्लं मिळतात. रानातला नर गाडीत कोंबून न्यायला काही कारण नव्हतं. हे मी मुलांना स्पष्ट सांगितलं.

पाच ते साडेसहा मी घरी जाऊन आले.

संध्याकाळी ६:४५

आभाळ पश्चिमेकडून भरून आलंय. पावसाआधी हवेचा दाब उतरतो तेव्हा हे साप जास्त हिंडतात असं रात्री रस्ते धुंडाळणारे सांगतात. बरीच वर्षं हा साप अतिशय दुर्मीळ समजला जाई. रात्रीच्या त्या हिंडण्यातूनच कळलं की तो आहे, फक्त दिवसा दिसत नाही. पाऊस मला मागून मिळणार नाही, पण आलेला वाया घालवणार नाही. पेटीच्या एका कोपऱ्यात, वाळूपासून दूर, पाण्याचा हलका फवारा मारते.

पाल फ्रीजमध्ये सकाळपासून वितळतेय. आता बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात बुडवते, आतपर्यंत कोमट होईस्तोवर. मधोमध बर्फ राहिला तर पोट बिघडतं. बोटभर लांबीची, पिवळसर, अंगावर काळे ठिपके, बोटांच्या टोकांना तेच चिकट पट्टे. मग कातीचा तुकडा दोन थेंब पाण्यात भिजवून तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून चोळते. पालीलाही सरड्यांच्या कुळाचा वास आहेच. कात त्यावर त्याच्या स्वतःच्या डोंगराची भर घालते.

दुसऱ्या भांड्यात पिल्लू, सहकाऱ्याला शब्द दिल्याप्रमाणे.

रात्री ८:०५

दिवे आठला गेले. पाच मिनिटं थांबून, लांब चिमट्याने पाल फरश्यांच्या फटीत ठेवते, डोकं बाहेरच्या बाजूला. साप डोक्याकडून गिळतो. डोकं आधी सापडलं तर त्याला उलटसुलट करत बसावं लागत नाही. झाकण लावते, कडी सरकवते आणि बाहेर येते.

शेजारच्या खोलीत कॅमेऱ्याचा पडदा आहे. तिथे बसून मी आठवड्याच्या नोंदी लिहिते. पावसाचे थेंब छपरावर वाजायला लागले.

रात्री ९:२०

तो बाहेर आलाय.

आधी फक्त डोकं, पेटीच्या तोंडाशी. जीभ आत-बाहेर, सावकाश. मग हातभर अंग. ओल्या कोपऱ्याकडे जातो, पाण्याचे दोन घोट घेतो, त्याचा गळा हललेला दिसतो. पिल्लू ठेवायचे त्या जागेवरून जातो, थांबत नाही. फरश्यांपाशी पोचल्यावर मात्र जिभेची गती बदलते. आत-बाहेर वेगाने, खाली, डावीकडे, पुन्हा खाली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले आहे आणि ते मला आत्ता कळतंय.

डोकं फटीत जातं. निम्मं अंग जातं. मग तो निश्चल होतो, आणि कितीतरी वेळ पडद्यावर दगड आणि अर्धा साप एवढंच. मग बाहेर राहिलेल्या अंगातून एक लाट पुढे जाते.

तो मागे सरकत बाहेर येतो तेव्हा त्याच्या तोंडात पाल आहे. वेटोळं घातलं नाही, आवळलं नाही. झोपलेला सरडा उचलणाऱ्याला ते लागतच नाही. खालचा जबडा एकदा डावीकडून पुढे, एकदा उजवीकडून पुढे, तोंड जणू पालीवरून चालत जातंय. खांदे गेले. मागचे पाय अंगाला चिकटून आत गेले. शेपटी थोडा वेळ ओठांबाहेर राहिली.

याच क्षणी पिल्लू देता येतं. गिळण्याच्या ओघात असलेल्या सापाच्या तोंडाशी, शेपटीला लागून, चिमट्याने हलकेच पिल्लू टेकवायचं. अनेकदा तो थांबत नाही, तेही गिळून टाकतो, आणि उंदराचा वास खाण्याशी जोडला जातो. पिल्लू कोमट आहे, चिमटा हाताशी आहे. दोन खोल्यांमध्ये एक दार आणि एक झाकण.

मी जात नाही. झाकण उघडलं तर तो पाल टाकून देईल ही शक्यता थोडी आहे, पण आहे. उपाशी पोटात पहिल्याच रात्री दुप्पट घालण्याची मला गरज वाटत नाही. लांब उपवासानंतर जठर हळूहळू कामाला लागतं, आणि एक उलटी झाली तर पुन्हा दोन आठवडे काही देता येत नाही. चार-पाच ग्रॅमची एक पाल. पुष्कळ झालं.

शेपटी गेली. तो तोंड मोठं उघडून मिटतो, जबडा जागेवर बसवतो, फरशीच्या कडेला ओठ घासतो आणि पुन्हा फटीत शिरतो. आणखी आहे का ते बघायला. हे त्याचं शोधणं पाहून मला जो आनंद झाला तो त्याला पाल गिळताना पाहून झाला त्याहून मोठा होता.

रात्री १०:१०

डॉक्टरांना आणि सहकाऱ्याला एक-एक ओळ पाठवली. त्याचं उत्तर लगेच आलं: "पिल्लू?" मी लिहिलं, "नाही. पुढच्या वेळी." त्याने अंगठा पाठवला.

पिल्लू पिशवीत बांधून टाकलं. भांडी, चिमटे, हात धुतले. सकाळच्या पाळीसाठी चौथ्या पेटीच्या झाकणावर चिठ्ठी लावली: 'खाल्लं. एक पाल, रात्री साडेनऊ. चार दिवस लपायची पेटी उचलायची नाही, वजन करायचं नाही, फरश्या हलवायच्या नाहीत. उष्ण टोक २९ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. पाणी बदलायचं ते बाहेरच्या बाजूने. उलटी दिसली तर मला रात्री-बेरात्री फोन करावा, आणि उलटी फेकू नये, डॉक्टरांसाठी फ्रीजमध्ये ठेवावी.'

आणि माझ्या वहीत: पुढचं खाणं पाच दिवसांनी. पुन्हा पालच, लहान, आणि तिच्या शेपटीला लागून पालीच्याच कातडीने चोळलेलं एक पिल्लू.